दाबलेल्या पेनीला जुनं तांबंच का लागतं

१८९३ साली शिकागोच्या ज्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने सर्वधर्म परिषद भरली आणि विवेकानंद बोलले, त्याच प्रदर्शनात लोक खिशातली नाणी यंत्राच्या फिरत्या रुळांतून दाबून घेऊन आठवण म्हणून घरी नेत होते. दाबलेल्या नाण्यांचा अमेरिकेतला छंद तिथून सुरू झाला. यंत्र तेव्हापासून फारसं बदललेलं नाही. पोलादी रूळ दोन, एकावर उलटं कोरलेलं चित्र. मधून गेलेलं नाणं लांबट होतं आणि चित्र त्यावर सुलटं उमटतं.

पेनी, म्हणजे अमेरिकेचं एक सेंटचं नाणं, कुठली घालायची, हा प्रश्न त्या काळी नव्हता. १८६४पासून सेंट ९५ टक्के तांब्याचाच होता. मध्ये फक्त १९४३ साली, युद्धासाठी तांबं राखायचं म्हणून, जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी पेनी निघाल्या. त्या लोहचुंबकाला चिकटतात, लगेच ओळखू येतात.

खरी पंचाईत १९८२ची. तांबं महागल्यामुळे त्या वर्षी मधेच धातू बदलला : आत जस्त, वर तांब्याचा पातळ मुलामा. म्हणजे १९८२ हेच साल असलेल्या दोन पेनी दिसायला सारख्या, आतून वेगळ्या. ग्रॅमचे दशांश दाखवणाऱ्या डिजिटल काट्यावर ठेवा. तांब्याची ३.११ ग्रॅम भरते, जस्ताची २.५. टेबलावर टाकली तर पहिली खणखणते, दुसरी बद्द वाजते.

हा फरक रुळांखाली उघडा पडतो. नाणं ताणलं गेलं की मुलामा विरतो आणि चित्रावर राखाडी ओरखडे उमटतात. तांबं आतबाहेर एकच, त्यामुळे रेष न् रेष स्वच्छ येते. माझं मत ठाम आहे : १९८१पर्यंतचीच पेनी घ्या. मळलेली असेल तर घरच्या तांब्याच्या भांड्यासारखी चिंच-मिठाने उजळा, धुऊन कोरडी करा आणि मगच यंत्रात घाला.

१२ नोव्हेंबर २०२५ला फिलाडेल्फियात चलनासाठीची शेवटची पेनी पाडली गेली. काही यंत्रांत आता कोऱ्या चकत्या आधीच भरलेल्या असतात. तिथे निवड करायला वावच नाही, आणि मला त्याचं वाईट वाटतं. स्वतःची पेनी दाबून घेतली की मागच्या बाजूला पेनीवरचा लिंकन ताणलेला, पुसटसा दिसतो, कधीकधी सालसुद्धा वाचता येतं.