स्क्रेपी: जनुकातला रोग की संसर्गाचा?

दिवाळीनंतर घाटावरचे धनगर कोकणात उतरतात, कापणी झालेल्या भातखाचरांत खतासाठी मेंढरं बसवली जातात. नेमक्या त्याच दिवसांत 'मेंढीचं मटण खाल्लं की मेंदूला भोकं पडतात' असा मेसेज फिरला, तर त्या गरिबाच्या पोटावर पाय येतो. मेसेजमागचा रोग खरा आहे: स्क्रेपी. मेंढी अंग घासत राहते, लोकर झडते, चाल लटपटते आणि ती मरते. मात्र युरोपात अठराव्या शतकापासून माहीत असलेला हा रोग मेंढीकडून माणसाला झाल्याचा पुरावा नाही. आणि अंग घासणाऱ्या मेंढीला बहुधा खरूज किंवा उवा झालेल्या असतात. अंगारे-धुपारे करत बसू नये, पशुवैद्यकाला दाखवावं.

स्क्रेपीच्या मुळाशी जिवाणू नाही, विषाणूही नाही. मेंदूच्या पेशींवर पीआरपी नावाचं प्रथिन मुळातच असतं. त्याची घडी बिघडते: अमिनो आम्लांची माळ तीच, पण मळसूत्री वळणं जाऊन सपाट पट्टे येतात. हाच प्रायॉन. तो शेजारच्या धडधाकट रेणूला चिकटतो आणि त्यालाही आपल्याच घडीत आणतो. मिठागरात एका खड्यावर पुढचं मीठ त्याच रचनेत जमत जातं, तसं. आता गंमत बघा. या माळेत १७१व्या जागी ग्लुटामिन असेल तर घडी सहज बदलते. तिथे आर्जिनिन असेल तर नेहमीची स्क्रेपी सहसा होत नाही. १३६व्या जागी अ‍ॅलॅनिनऐवजी व्हॅलिन असेल तर धोका आणखी वाढतो.

कुठल्या जागी कोणतं अमिनो आम्ल येईल ते जनुक ठरवतं. म्हणजे रोग आनुवंशिकच? नाही. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्येही अशी जनुकं असलेल्या मेंढ्या आहेत, पण तिथे नेहमीची स्क्रेपी नाही, कारण तिचा प्रायॉन तिथे पसरलेला नाही. फ्रान्समध्ये क्युइये आणि शेल या पशुवैद्यकांनी आजारी मेंढीच्या मज्जारज्जूचा अंश निरोगी मेंढ्यांना टोचला आणि वर्षाहून अधिक काळ वाट पाहिली. मेंढ्या आजारी पडल्या. १९३६ साली त्यांनी हे जाहीर केलं. जनुक दार उघडं ठेवतं. आत यायला प्रायॉनच लागतो.

२००० साली ब्रिटनमधून आलेला प्रयोग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बीएसई, म्हणजे 'मॅड काऊ' हा माणसालाही होऊ शकणारा प्रायॉनचा रोग झालेल्या गाईचा मेंदू एका मेंढीला खाऊ घातला. ती वरून ठणठणीत असतानाच तिचं रक्त दुसऱ्या मेंढीला दिलं, आणि दुसरीला रोग झाला. रक्तातूनही प्रायॉन जातो, तोही लक्षणं दिसण्याआधी, हे असं सिद्ध झालं. मेंदूला भोकं पडण्याची खरी काळजी करायची तर ती रक्तपेढीत करायला हवी.