ऑलमन ब्रदर्स बँड : श्रवणाची सुरुवात

ऑलमन ब्रदर्स बँड हा अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत घडलेल्या ‘सदर्न रॉक’ या शैलीचा आद्य संगीतसमूह मानला जातो. तो मार्च १९६९ मध्ये फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे जमला आणि लवकरच जॉर्जियातील मेकन शहरात स्थिरावला. ड्वेन ऑलमन व डिकी बेट्स (गिटार), ड्वेन यांचे धाकटे बंधू ग्रेग ऑलमन (गायन व हॅमंड ऑर्गन), बेरी ओकली (बेस गिटार) आणि बुच ट्रक्स व जेमो हे दोन ड्रमवादक, असे सहा जण मूळ संचात होते. जेमो हे कृष्णवर्णीय होते. सार्वजनिक ठिकाणच्या वंशभेदावर कायद्याने बंदी आल्याला त्या वेळी जेमतेम पाच वर्षे झाली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे जॉर्जियात असा मिश्र संच उभा करण्यामागचे धैर्य समजते. सदर्न रॉक ही उपाधी स्वतः ग्रेग यांना रुचत नसे. रॉकचा जन्मच दक्षिणेत झालेला असताना वेगळे विशेषण कशाला, असे त्यांचे म्हणणे होते.

नवा श्रोता बहुधा ‘रॅम्बलिन मॅन’ या गाण्यापासून आरंभ करतो, कारण १९७३ साली ते अमेरिकेतील लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले होते. गाणे गोड आहे. पण ते कंट्री संगीताकडे झुकलेले आहे आणि त्यात ड्वेन नाहीत, त्यामुळे या समूहाचे मूळ बळ त्यातून कळत नाही. ते बळ प्रत्यक्ष मैफलीत, एकमेकांना ऐकत वाढत जाणाऱ्या वादनात होते. म्हणून सुरुवात करावी ती ‘ॲट फिलमोर ईस्ट’ या अल्बमपासूनच. न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट सभागृहात मार्च १९७१ मध्ये झालेल्या मैफलींचे हे ध्वनिमुद्रण टॉम डाउड यांच्या निर्मितीखाली त्याच वर्षी जुलैमध्ये दोन तबकड्यांत प्रकाशित झाले. त्यात रचना अवघ्या सात आहेत.

पहिली रचना ‘स्टेट्सबरो ब्लूज’ ही जॉर्जियाचेच ब्लूज गायक ब्लाइंड विली मक्टेल यांची आहे. औषधाची रिकामी काचेची बाटली बोटात घालून तारांवरून सरकवत ड्वेन जे स्लाइड वादन करत, त्याची ओळख येथे पहिल्या काही क्षणांतच होते. त्यानंतर थेट ‘इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड’ ऐकावी. बेट्स यांच्या या सुमारे १३ मिनिटांच्या शब्दविरहित रचनेचे नाव मेकनच्या रोझ हिल दफनभूमीतील एका स्मृतिशिळेवरून घेतलेले आहे. तिची स्वरावली डोरियन, म्हणजे आपल्या काफी थाटाशी जुळणारी आहे. आरंभी बेट्स गिटारचा आवाज हळूहळू चढवत व्हायोलिनसारखे सूर काढतात, मग दोन्ही गिटारी स्वरांचे अंतर राखून एकच धून वाजवतात आणि पुढे बेट्स, ग्रेग व ड्वेन या क्रमाने एकलवादन होते. माइल्स डेव्हिस आणि जॉन कोल्ट्रेन यांचे जॅझ ड्वेन तासन्‌तास ऐकत. थोडक्या स्वरांत दीर्घकाळ रमण्याची ही रीत तेथूनच आली आहे.

‘व्हिपिंग पोस्ट’ ही २३ मिनिटांची रचना मात्र सवड काढून, शक्यतो हेडफोनवर ऐकावी. ओकली यांच्या बेसवर ती सुरू होते ती ३-३-३-२ अशा ११ मात्रांच्या आवर्तनात. गायन आले की आवर्तन १२ मात्रांचे होते. पहिल्या श्रवणात केवळ बेसकडे लक्ष द्यावे, नंतर दोन ड्रमवादकांकडे. ट्रक्स लय पुढे रेटत नेतात, तर जेमो जॅझच्या अंगाने तिच्यात अवकाश निर्माण करतात. एवढी लांबी कंटाळवाणी होईल ही भीती अनेकांना वाटते, पण विलंबित ख्यालाला बसणाऱ्या श्रोत्याला ती वाटण्याचे कारण नाही.

हा अल्बम प्रकाशित झाल्यावर चार महिन्यांच्या आत, २९ ऑक्टोबर १९७१ रोजी, ड्वेन मेकनमध्ये मोटारसायकल अपघातात मरण पावले. त्यांचे वय २४ होते. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये ओकलीही त्याच शहरात तशाच अपघातात गेले. त्यामुळे ड्वेन यांचे अखेरचे वादन ज्यात आहे तो ‘ईट अ पीच’ (१९७२) हा दुसऱ्या टप्प्यात ऐकण्याचा अल्बम आहे. त्यातील ‘ब्लू स्काय’ मध्ये ड्वेन आणि बेट्स यांच्या गिटारी एकमेकींच्या हातून धून अलगद घेतात, आणि या समूहाच्या साऱ्या वादनात इतके निर्मळ, प्रसन्न असे दुसरे काही नाही. मग ‘ब्रदर्स अँड सिस्टर्स’ (१९७३) घ्यावा. त्यातील ‘जेसिका’ या वाद्यरचनेत चक लेव्हेल यांचा पियानो ड्वेन यांच्या पश्चात समूहाला नवा सूर मिळाल्याची खात्री देतो. पहिले दोन स्टुडिओ अल्बम यानंतर ऐकल्यास मैफलीत फुललेल्या रचनांची बीजे त्यांत सापडतात.

समूह दोनदा विखुरला आणि १९८९ मध्ये पुन्हा एकत्र आला. पुढे बुच ट्रक्स यांचे पुतणे डेरेक ट्रक्स १९९९ मध्ये त्यात दाखल झाले. सरोदवादक उस्ताद अली अकबर खाँ यांच्या वादनाचा त्यांच्या स्लाइडवर ठळक प्रभाव आहे, आणि मिंडेची सवय असलेल्या कानांना तो लगेच जाणवतो. या पर्वासाठी ‘हिटिन द नोट’ (२००३) पुरेसा आहे. १९८० आणि १९८१ चे अल्बम, ज्यांत काळाच्या चालीप्रमाणे आवाज गुळगुळीत केला गेला, ते बाकी सर्व ऐकून झाल्यावरच हाती घ्यावेत.