गाड्यांच्या ताफ्यासाठी वॉकीटॉकी: परवाना कधी लागतो आणि दुकानदाराकडे कोणता कागद मागायचा

गणपतीला किंवा नाताळच्या सुट्टीत चार-पाच गाड्या एकत्र कोकणात उतरतात तेव्हा वॉकीटॉकीची आठवण होतेच. ताम्हिणीत, वरंध्यात मोबाइलची रेंज जाते. मागची गाडी कुठे थांबली ते कळत नाही. तवसाळला पुढची गाडी जयगडच्या फेरीबोटीत चढते आणि मागची धक्क्यावरच राहते. गरज खरी आहे, घोळ होतो तो खरेदीत. स्वस्त दिसला म्हणून ऑनलाइन सेट मागवला जातो आणि नाकाबंदीत ‘परवाना दाखवा’ म्हटल्यावर कोणाकडेच काही नसतं.

४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातल्या कमी शक्तीच्या (अर्ध्या वॅटपर्यंतच्या) सेटसाठी वापरणाऱ्याला परवाना काढावा लागत नाही. केंद्र सरकारच्या २०१८च्या नियमांनी ही सूट दिली आहे. अर्ज नाही, फी नाही, पोलीस पडताळणी नाही. पण सेटला सरकारी मान्यता असेल तरच ही सूट धरायची. या मान्यतेला ईटीए म्हणतात. दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी शाखेचं हे प्रमाणपत्र उत्पादक किंवा आयातदार ‘सरल संचार’ पोर्टलवरून मिळवतो.

नेमका हाच कागद कोणाकडे नसतो. ईटीए ग्राहकाने काढायचा नसतो, हे कोणी नीट सांगत नाही. मग माणसं पोर्टलवर स्वतःचं खातं उघडतात, आधार जोडतात आणि कंपनीसाठी असलेला अर्ज भरत बसतात. तसं करू नका. विक्रेत्याकडे ईटीए प्रमाणपत्राची प्रत मागा आणि त्यावरचा मॉडेल क्रमांक सेटच्या मागच्या लेबलशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलचं प्रमाणपत्र चालत नाही. चार्जरवरचा बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का म्हणजे रेडिओची मान्यता नव्हे. दुकानदार तोच दाखवून वेळ मारून नेतात. बिलावर नुसतं ‘वॉकीटॉकी, २ नग’ असेल तर मॉडेल क्रमांक लिहून घ्या.

ऑनलाइन विक्रीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. वारंवारिता आणि ईटीएची माहिती विक्रीच्या पानावरच असायला हवी. तिथे फक्त ‘१० किलोमीटर रेंज’ असं मोठ्या अक्षरात लिहून बाकी सगळं दडवलं असेल, तर तो सेट घेऊ नका.

आता त्या पाच वॅटच्या, आकड्यांची बटणं आणि लांब अँटेना असलेल्या स्वस्त चिनी सेटबद्दल. बहुतेकांचे पैसे यातच जातात. तो १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झमध्ये कुठेही बोलू शकतो, म्हणून सूट असलेल्या वर्गात तो बसत नाही. ‘आम्ही ४४६वरच लावून वापरतो’ हे उत्तरही चालत नाही. किनाऱ्यावर तर याचा धोका आणखी मोठा आहे. १५६.८ मेगाहर्ट्झ म्हणजे समुद्रातला चॅनल १६, बुडत्या बोटीने मदत मागायची जागा. हर्णै किंवा मिरकरवाड्याजवळ कोणी नकळत त्यावर बटण दाबून ‘पुढे चहाला थांबू’ सांगत बसला, तर त्याच वेळी मच्छीमाराची हाक दबून जाऊ शकते. हे कृपया हलक्यात घेऊ नका.

अमेरिकेहून नातेवाइकांनी आणलेले सेटही अडचणीचे. ते ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झवर चालतात. तिथे ते बिनापरवाना असले तरी आपल्याकडची सूट त्या पट्ट्याला नाही. परदेशातून कुरियरने मागवलेला सेट ईटीए नसेल तर कस्टममध्ये अडकतो. २७ मेगाहर्ट्झचा सिटिझन बँड पाच वॅटपर्यंत मोकळा आहे, पण तसे सेट बाजारात सहज मिळत नाहीत.

‘मग हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना काढू’ असं बरेच जण ठरवतात. छंद म्हणून जरूर काढा. वयाची अट १२ वर्षं पूर्ण, परीक्षा द्यावी लागते, अर्ज सरल संचारवरूनच. पण तीन गोष्टी आधी समजून घ्या. परीक्षा पास झालात म्हणजे परवाना मिळाला असं नाही, त्यासाठी वेगळा अर्ज असतो आणि तो मंजूर होईपर्यंत बोलायचं नाही. परवाना माणसाच्या नावावर मिळतो, त्यामुळे पाच गाड्यांत बोलणारे पाचही जण परवानाधारक हवेत; एकाच्या परवान्यावर ताफा चालत नाही. आणि आधारवर मुंबईचा पत्ता, राहणं गावात, असं असेल तर पत्त्याचा पुरावा आधी एकसारखा करून घ्या. पडताळणीला माणूस एका दारात आणि तुम्ही दुसऱ्या गावात, असं झालं की फाइल महिनोन्महिने हलत नाही आणि का थांबली हे विचारायला धड खिडकीही सापडत नाही.

म्हणजे सहलीपुरता खरा पर्याय अर्ध्या वॅटचाच. त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. खोक्यावरची किलोमीटरची आकडेवारी मोकळ्या मैदानातली असते. घाटात डोंगर आडवा आला आणि सेट गाडीच्या पत्र्याआड असला की बोलणं पुढच्या काही वळणांपुरतंच पोचतं. मधल्या गाडीने निरोप पुढे द्यायचा, असं आधीच ठरवा. वेगवेगळ्या कंपन्यांचे सेट एकमेकांशी बोलतात, फक्त चॅनल आणि टोन कोड सारखा लावा. या कोडमुळे बोलणं गुप्त राहत नाही, इतरांचा आवाज तुम्हाला ऐकू येत नाही इतकंच. पैसे घालायचेच तर पावसाला टिकणाऱ्या आणि यूएसबीने चार्ज होणाऱ्या सेटवर घाला. खाऱ्या हवेत चार्जिंगच्या पट्ट्या लवकर गंजतात, परतल्यावर त्या पुसून ठेवा.

प्रत्येक गाडीत ईटीएची छापील प्रत आणि बिलाची झेरॉक्स ठेवा, नुसती मोबाइलमध्ये नको. सागर कवच या किनारा सुरक्षेच्या सरावाच्या दिवसांत किनाऱ्यावर तपासणी कडक असते. विचारलं तर सेट बंद करून हातात द्या, लेबल आणि कागद शेजारी धरून दाखवा.