कुशिंग सिंड्रोम: कॉर्टिसॉल वाढल्याची लक्षणं

शरीरात कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन फार दिवस गरजेपेक्षा जास्त राहिलं की जो आजार होतो त्याला कुशिंग सिंड्रोम म्हणतात. अमेरिकन मेंदू-सर्जन हार्वे कुशिंग यांनी 1912 मध्ये अशा एका तरुण बाईची केस लिहिली आणि 1932 मध्ये पिट्युटरी ग्रंथीतल्या छोट्या गाठीशी त्याचा संबंध दाखवला, म्हणून हे नाव.

कॉर्टिसॉल किडनीच्या डोक्यावर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथीत तयार होतं. पहाटे-सकाळी ते सगळ्यात जास्त असतं, मध्यरात्री सगळ्यात कमी, आणि किती बनवायचं याचा हुकूम मेंदूखालची पिट्युटरी एसीटीएच या हार्मोनमधून देते. पिट्युटरीत किंवा ॲड्रिनलमध्ये गाठ झाली की हे गणित बिघडतं, पण असे पेशंट फार थोडे. जास्त करून हा आजार बाहेरून घेतलेल्या स्टिरॉइडमुळे, म्हणजे कॉर्टिसॉलसारखंच काम करणाऱ्या औषधामुळे होतो, आणि सोलापुरात ओळखायचा तो मुख्यतः हाच प्रकार.

इथं पूर्व भागात हजारो बायका मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळतात, पुरुष लूमवर उभे असतात, त्यामुळं कंबर, गुडघे, मान यांचं दुखणं घराघरात. मग कुणीतरी सांगतं की अमक्याकडच्या पुड्या घे, दोन दिवसात उठून बसशील, आणि खरंच बसतात, कारण नाव नसलेल्या अशा पुड्यांत कधीकधी प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड असतं. भूक लागते, गाल भरतात, आणि शेजारीण म्हणते, "काय ओ अक्का, तब्येत लई सुधरलीय की!" घात होतो तो इथंच, कारण आजाराचं पहिलं लक्षण सगळ्यांना चांगलं दिसतं.

खरं तर ते भरणं वेगळं असतं. चेहरा गोल होऊन कानाच्या बाजूनं फुगतो, गाल लालसर होतात, मानेमागं खांद्यांच्या मधोमध चरबीचा उंचवटा येतो, पोट सुटतं, पण हात-पाय मात्र बारीक होत जातात. साध्या लठ्ठपणात हात-पायही भरतात. जुना फोटो काढून शेजारी धरावा, आधार कार्डावरचासुद्धा चालेल, रोज बघणाऱ्याला जे कळत नाही ते फोटोत लगेच कळतं.

वजन तर बऱ्याच कारणांनी वाढतं, म्हणून जास्त भरवशाच्या खुणा दुसरीकडं शोधाव्या लागतात. एक म्हणजे पोट, मांड्या, काखेजवळचे जांभळे पट्टे, एक सेंटीमीटरपेक्षा रुंद. बाळंतपणानंतरचे पट्टे बारीक आणि पुढं पांढुरके होतात. सावळ्या कातडीवर जांभळा रंग चटकन दिसत नाही, म्हणून रंगापेक्षा रुंदी बघावी. दुसरी खूण, कातडी पातळ होऊन जरा लागलं की काळंनिळं पडणं. आणि तिसरी, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, मांड्या-खांद्यांतली ताकद जाणं: खाली बसलेली बाई हाताचा टेका घेतल्याशिवाय उठू शकत नाही, एसटीची पायरी चढवत नाही, वरच्या फळीवरचा डबा काढताना हात भरून येतात. "वय झालं" म्हणून हे सोडून देऊ नये, चाळिशीच्या बाईला तर नाहीच.

याशिवाय बीपी आणि शुगर वाढणं, पाळी चुकणं, हनुवटीवर केस, झोप उडणं, चिडचिड किंवा उदासी, जखम लवकर न भरणं, किरकोळ पडण्यानं हाड मोडणं. लहान पोराचं वजन वाढतंय पण उंची थांबलीय तर लगेच दाखवावं, कारण नुसत्या लठ्ठ पोरांची उंची सहसा थांबत नाही.

क्रीमसुद्धा विसरू नका. पारा चाळिशीपार गेला की उन्हाळ्यात घामानं गजकर्ण होतं, मग क्लोबेटासोल हे स्टिरॉइड असलेली ट्यूब महिनोन्‌महिने चोळली जाते, त्यातूनही स्टिरॉइड अंगात उतरतं.

सिव्हिलला जा नाहीतर हार्मोनच्या डॉक्टरकडं, घरातली प्रत्येक गोळी, पुडी, ट्यूब, दम्याचा पंप पिशवीत घालून न्या. बाहेरचं स्टिरॉइड चालू असेल तर रक्तातलं स्वतःचं कॉर्टिसॉल उलट कमी येऊ शकतं आणि रिपोर्ट बघून आजारच नाही असं वाटतं. ते नसेल तर तीन तपासण्या वापरतात: 24 तासांची लघवी, रात्री उशिराची लाळ, किंवा रात्री 11 ला 1 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन घेऊन सकाळी 8-9 ला रक्त. या शेवटच्या तपासणीत रक्तातलं कॉर्टिसॉल डेसिलिटरला 1.8 मायक्रोग्रॅमच्या खाली आलं तर कुशिंगची शक्यता कमी. रात्रपाळीच्या कामगारानं आपली पाळी आधी सांगावी, झोपेचं चक्र उलटं असलं की लाळेची तपासणी फसते. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तेही सांगावं.

हे वाचून कुणी गोळ्या एकदम बंद करू नका, ही कळकळीची विनंती. अनेक आठवडे स्टिरॉइड मिळालं की ॲड्रिनल झोपी गेलेली असते, अचानक बंद केलं तर उलट्या, चक्कर, बीपी कोसळणं, जीवही जाऊ शकतो. डोस डॉक्टरच हळूहळू उतरवतात. गाठ असेल तर ऑपरेशन, पिट्युटरीचं बहुतेक नाकातून करतात. त्यानंतर चेहरा काही महिन्यांत ओसरतो, मांड्यांची ताकद यायला जास्त वेळ लागतो, आणि जांभळे पट्टे पांढुरके होऊन तिथंच राहतात.