कीड-निर्मूलन

कीड-निर्मूलन : ठरावीक भूप्रदेशातून एखाद्या किडीचा समूळ नाश करणे आणि ती तेथे पुन्हा शिरणार नाही अशी व्यवस्था राखणे. कीड-नियंत्रणात नुकसान आर्थिकदृष्ट्या सोसवेल अशा पातळीच्या खाली राहिले की काम भागते. निर्मूलनात फलित झालेली एक मादी मागे राहिली तरी सगळे श्रम वाया जाऊ शकतात. देवीचा विषाणू (१९८०) आणि गुरांच्या बुळकांडीचा विषाणू (२०११) यांचे जगभरातून उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले आहे. माणसाने ठरवून सबंध पृथ्वीवरून नाहीशी केलेली कीटकवर्गीय कीड मात्र एकही नाही. प्रदेशापुरते यश अनेक ठिकाणी मिळाले आहे.

न ठरवता घडलेले उदाहरण रॉकी पर्वतीय टोळाचे (मेलॅनोप्लस स्प्रेटस). १८७० च्या दशकात अमेरिकेतील पिके फस्त करणारा हा टोळ १९०२ नंतर जिवंत सापडलेला नाही. त्याच्या लोपाविषयी मतभेद आहेत. कीटकशास्त्रज्ञ बोरिस उवारोव्ह यांनी १९२१ च्या सुमारास टोळांच्या एकाकी व थवेबाज अवस्थांचा (एकाच जातीचा कीटक कधी एकेकटा, तर कधी थव्याने राहतो व त्यानुसार वेगळा दिसतो) सिद्धांत मांडला. त्यानंतर हा टोळ म्हणजे आजही आढळणाऱ्या एका नाकतोड्याची थवेबाज अवस्था असावी, असे काही अभ्यासकांनी मानले. जुन्या नमुन्यांच्या जनुकीय तपासणीतून या मताला पुष्टी मिळालेली नाही. कीटकशास्त्रज्ञ जेफ्री लॉकवुड यांच्या मते थवे ओसरल्यावर हा टोळ रॉकी पर्वतातील मोजक्या नदीखोऱ्यांत आक्रसत असे आणि वसाहतकऱ्यांनी नेमक्या त्याच जमिनी नांगरल्या व पाण्याखाली आणल्या. हे मत अधिक सयुक्तिक वाटते. आग, चर आणि अंड्यांसाठी लावलेली बक्षिसे यांनी जे साधले नव्हते, ते अंडी घालण्याच्या जागा मोडल्याने साधले असावे.

हेतुपूर्वक निर्मूलनाचे सर्वांत अभ्यासलेले उदाहरण स्क्रूवर्म माशीचे आहे. ही माशी उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या जखमेत अंडी घालते आणि तिच्या अळ्या जिवंत मांस खातात. अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ एडवर्ड निपलिंग व रेमंड बुशलँड यांनी मादीचा समागम बहुधा एकदाच होतो, या निरीक्षणावर वंध्य कीटक तंत्र उभे केले. कोषावस्थेत किरणोत्सर्ग देऊन वंध्य केलेले नर मोठ्या संख्येने सोडले की त्यांच्याशी जुळलेल्या माद्यांची अंडी फळत नाहीत. निपलिंग यांचे गणित असे : १० लाख माद्यांच्या व तितक्याच नरांच्या प्रदेशात दर पिढीला २० लाख वंध्य नर सोडले, तर पुढील पिढीत ३,३३,३३३ माद्या उरतील, त्यापुढे ४७,६१९, मग १,१०७ आणि चौथ्या पिढीअखेर एकही नाही. कीटकनाशकाचा परिणाम कीड विरळ होत जाते तसा महाग पडतो. हे तंत्र त्या टप्प्यावरच जास्त धारदार होते, म्हणून त्याचे महत्त्व. कॅरिबियन समुद्रातील सुमारे ४४० चौ. किमी.च्या क्युरासाव बेटावर १९५४ मध्ये ते यशस्वी झाले. पुढे अमेरिकेतून १९८२, मेक्सिकोतून १९९१ आणि पनामातून २००६ पर्यंत माशी हटली. दक्षिण अमेरिकेत ती कायम असल्याने पनामाच्या दारिएन भागात वंध्य माश्यांची भिंत अखंड राखावी लागते. २०२३ पासून ही भिंत ढासळली व नोव्हेंबर २०२४ मध्ये माशी पुन्हा मेक्सिकोत आढळली. जनावरांची बेकायदा ने-आण हे यामागील एक कारण मानले जाते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने शेंदरी (गुलाबी) बोंडअळी (पेक्टिनोफोरा गॉसिपिएला) अधिक बोलकी आहे. डब्ल्यू. डब्ल्यू. साँडर्स यांनी १८४३ मध्ये भडोचच्या कापसावरील नमुन्यांवरून तिचे वर्णन केले. त्यामुळे भारतीय उपखंड हेच तिचे मूलस्थान असे दीर्घकाळ समजले गेले. दुसऱ्या मतानुसार ती इंडोनेशिया–ऑस्ट्रेलिया पट्ट्यातील असावी, कारण तिच्या प्रजातीतील इतर जाती ऑस्ट्रेलियात आढळतात. पहिल्या वर्णनाचे ठिकाण म्हणजे उगमस्थान नव्हे, हे ध्यानात घेता दुसरे मत ग्राह्य वाटते. तरी वाद मिटलेला नाही. पुढचा प्रवास बराचसा निश्चित आहे : भारतातून सरकीबरोबर इजिप्तमध्ये (सुमारे १९०६–०७), तेथून मेक्सिकोत (१९११) व टेक्सासात (१९१७).

अमेरिकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये या अळीचे निर्मूलन जाहीर केले. बीटी कापूस (जनुकीय बदलामुळे अळीला मारक विष स्वतःच तयार करणारा), अब्जावधी वंध्य पतंग, कामगंध रसायने (मादीच्या गंधाने नराला चकवणारी) आणि ठरल्या मुदतीत पऱ्हाटी (कापसाची उरलेली झाडे) जमिनीत गाडण्याची सक्ती हे सारे तेथे एकाच वेळी राबवले गेले. भारतात उलट घडले. २००६ मध्ये आलेल्या दोन जनुकांच्या बीटी कापसालाही अळी दशकभरात सरावली आणि २०१७ मध्ये विदर्भ–मराठवाड्यात मोठा उद्रेक झाला. अळीत प्रतिकार लवकर येऊ नये म्हणून पाकिटासोबत दिलेले बिगर-बीटी बियाणे शेतकऱ्यांनी पेरले नाही, हे कारण वारंवार सांगितले जाते, पण सगळा दोष तेथे ठेवणे अन्यायाचे आहे. भारतात संकरित वाण वापरले जातात. त्यांच्या एकाच बोंडात विष असलेली व नसलेली सरकी एकत्र असते आणि प्रतिकारक्षम अळीची निवड वेगाने होते. फरदड (हंगाम संपल्यावरही शेतात राखलेला कापूस), हंगामापूर्वीची लागवड आणि जिनिंगमध्ये पडून राहिलेली सरकी यांमुळे अळीला वर्षभर खाद्य व आसरा मिळतो. सुमारे ४० लाख हेक्टरांवर विखुरलेल्या लहान शेतांत एकाने फरदड मोडून उपयोग नसतो. फवारणीवर भिस्त ठेवण्याची किंमत माणसांनी मोजली आहे : २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. निर्मूलनाची भाषा येथे तूर्त अवाजवी आहे; गावपातळीवर एकत्रित नियंत्रण शक्य आहे.

सस्तन किडींमध्ये ब्रिटनमधील कॉयपू हा मोठा कुरतडणारा प्राणी (१९८९) आणि दक्षिण अटलांटिकमधील साउथ जॉर्जिया बेटावरील उंदीर (२०१८) यांचे निर्मूलन झाले. मलेरियावाहक ॲनॉफिलीस गॅम्बी डासांचा बंदिस्त समूह जनुकीय बदलाने ७ ते ११ पिढ्यांत संपल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. हा प्रयोग प्रयोगशाळेतला होता.

सुमारे ८५ चौ. किमी.च्या रोटा बेटावरून (पॅसिफिक महासागर) १९६० च्या दशकात मिथाइल युजेनॉल (नर माश्यांना ओढून घेणारे रसायन) व कीटकनाशक यांच्या आमिषाने नर मारून फळमाशी हटवली गेली. कोकणातील आंबा बागायतदार दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘रक्षक’ सापळ्यात हेच मिथाइल युजेनॉल वापरतात. शेजारच्या बागांतून व इतर फळझाडांवरून माश्या येतच राहतात, म्हणून सापळे दर हंगामात नव्याने लावावे लागतात.