कॉपीराइटवरचा प्रोजेक्ट टायपिंगला देण्याआधी हे वाचा

नमस्कार. फेब्रुवारी लागला की आपल्या दुकानात एलएलबीची, एमएची, पत्रकारितेची मुलंमुली प्रोजेक्ट घेऊन येऊ लागतात. नांदेड शहरातली असतात, तशीच किनवट, देगलूर, मुखेड, हदगावहून एसटीने येणारीही असतात. दरवर्षी त्यांतल्या बऱ्याच जणांचा विषय कॉपीराइट असतो आणि दरवर्षी तोच घोळ होतो, म्हणून हे पत्रक छापलं आहे. काउंटरवर गर्दी असताना उभ्याउभ्या सांगितलेलं नीट डोक्यात शिरत नाही. घरी न्या, निवांत वाचा.

घोळ असा होतो. मुखपृष्ठावर नाव असतं ‘भारतीय कॉपीराइट कायदा : एक चिकित्सक अभ्यास’. पहिल्या प्रकरणात इंग्लंडचा १७१० चा कायदा, मग आपल्याकडचा १९१४ चा, मग १९५७ चा, मग १९९४ आणि २०१२ च्या दुरुस्त्या. दुसऱ्यात कलमं एकाखाली एक उतरवलेली. तिसऱ्यात पायरसी, चौथ्यात इंटरनेट, आणि शेवटी ‘अंमलबजावणी कडक झाली पाहिजे’ हा निष्कर्ष. साठ पानं आम्ही टाइप करतो, प्रूफ काढतो, तुम्ही गाइडकडे नेता. दोन दिवसांनी तीस पानांवर लाल काट घेऊन परत येता. समासात सरांनी लिहिलेलं असतं, ‘यात तुमचा प्रश्न कोणता?’

कॉपीराइट हा विषय झाला. प्रश्न म्हणजे ज्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह येतं आणि ज्याचं उत्तर ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘इथपर्यंत हो, पुढे नाही’ असं देता येतं. हे ठरायच्या आधी टायपिंगला दिलं की तुमचे आठ दिवस जातात आणि पैसे दुप्पट लागतात. नाव बदललं की चार पानं बदलून भागत नाही. अनुक्रमणिका सरकते, तळटीपांचे क्रमांक सरकतात, एखादं प्रकरण गळालं की पुढची सगळी पानं पुन्हा लावावी लागतात. आणि हार्ड बाइंडिंग झालेलं असेल तर कव्हरवर सोनेरी अक्षरांत छापलेलं नाव पुसता येत नाही, पूर्ण कव्हरच फाडून नवीन करावं लागतं. गेल्या हंगामात अशी पाच कव्हरं फाडली. फाडताना आमचाही जीव तुटतो.

मुखेड तालुक्यातली एक मुलगी आली होती, एलएलबीच्या शेवटच्या वर्षाची. तिच्या कागदावर लिहिलेलं होतं ‘संगीत आणि कॉपीराइट’. म्हणाली, “काका, सर म्हणायलेत विषय लई मोठा झाला. पण लहान करायचा म्हणजे पानं कमी करायची का?” मी विचारलं, “ताई, हा विषय घ्यावा असं तुला मुळात का वाटलं?” तेव्हा तिने सांगितलं की तिच्या भावाच्या हळदीला मंगल कार्यालयवाल्यांनी डीजे अडवला होता, गाण्यांचं लायसन आणा म्हणून. घरातली मोठी माणसं म्हणत होती, लग्नाला कसलं आलंय लायसन.

मी बिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं. वर ‘संगीत’. त्याखाली ‘वाजवलेली गाणी’, म्हणजे गीतकार, संगीतकार, रॉयल्टीचं वाटप हे सगळं बाजूला झालं. त्याखाली ‘लग्नात वाजवलेली गाणी’. इथे कायदा हाताशी येतो. १९५७ च्या कायद्याच्या कलम ५२ मध्ये कॉपीराइटचा भंग न ठरणाऱ्या गोष्टींची यादी आहे. तिच्यात खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभात गाणं वाजवण्याला सूट आहे, आणि धार्मिक समारंभात लग्नाची वरात आणि विवाहाशी निगडित इतर सामाजिक समारंभ येतात, असं स्पष्टीकरण खालीच दिलेलं आहे. आपली वरात कायद्याच्या पुस्तकात लिहिलेली आहे, हे वाचून पोरीचे डोळे चमकले.

मग वरात सोडून दिली, कारण तिच्याबद्दल वाद कमी. उरली हळद. जुलै २०२३ मध्ये केंद्राच्या उद्योग आणि अंतर्गत व्यापार विभागाने सार्वजनिक सूचना काढून या सूटीची आठवण करून दिली आणि लग्नसमारंभासाठी रॉयल्टी मागू नये असं गाण्यांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या कॉपीराइट संस्थांना कळवलं. जानेवारी २०२४ मध्ये गोवा सरकारने तशाच आशयाचं परिपत्रक काढलं. ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केलं. म्हणजे कलम जागेवर आहे, पण त्याचा पल्ला किती यावर भांडण आहे. आणि जिथे भांडण आहे तिथेच प्रश्न सापडतो.

बिलाच्या तळाशी शेवटची ओळ तिने स्वतः लिहिली : ‘मंगल कार्यालयात हळदीच्या कार्यक्रमात डीजेवर वाजवलेल्या ध्वनिमुद्रित गाण्यांना कलम ५२ मधील विवाहविषयक सूट लागू होते का?’ कलम एक, सूचना एक, परिपत्रक एक, निकाल दोन-तीन. चार मंगल कार्यालयांच्या आणि चार डीजेवाल्यांच्या मुलाखती तिने स्वतः घेतल्या. प्रोजेक्ट अठ्ठेचाळीस पानांचा झाला आणि एकदाच टाइप झाला.

तुमची ओळ बरोबर झाली का, हे पाहायला आम्ही तीन गोष्टी विचारतो. त्यातली पहिलीच खरी महत्त्वाची : याचं उत्तर उलटंही असू शकतं का? ‘पायरसीमुळे नुकसान होतं का?’ याला कोणी नाही म्हणणार नाही, म्हणून तो प्रश्नच उभा राहत नाही. दुसरी, याचं साहित्य नांदेडात बसून मिळतं का? कायदा सरकारच्या इंडिया कोड या वेबसाइटवर फुकट आहे, न्यायालयांचे निकाल ऑनलाइन आहेत, जुने प्रबंध शोधगंगेवर आहेत. तिसरी, कलमाचा क्रमांक तुम्हाला सांगता येतो का? येत नसेल तर विषय अजून रुंद आहे.

आपल्या भागातच असे प्रश्न भरपूर पडलेले आहेत, दिल्ली-मुंबईकडे बघायची गरज नाही. माळेगावच्या यात्रेत कोणी लोककलावंताचं सादरीकरण मोबाइलवर घेतो आणि यूट्यूबवर टाकतो. कायद्यात कलावंताचा हक्क स्वतंत्र आहे, ५० वर्षांचा, आणि ‘कलावंत’ या व्याख्येत गायक, नर्तक, डोंबारी, गारुडी आणि व्याख्यान देणारी व्यक्तीसुद्धा आहे. व्याख्यान देणारी म्हटलं की लातूर-नांदेडच्या क्लासेसचे सर आलेच. क्लासमध्ये पगारावर असलेल्या सरांनी काढलेल्या नोट्स टेलिग्रामवर फिरतात, तेव्हा तक्रार कोणी करायची, सरांनी की क्लासचालकाने? नोकरीच्या करारात काम करताना तयार केलेल्या कृतीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो, असं कलम १७ सांगतं. पण करार तोंडी असेल, तासावर पैसे मिळत असतील, तर? एवढ्या एका ‘तर’वर चाळीस पानं आरामात होतात.

मुदतीचा हिशोबही नेहमी चुकतो. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, पण मोजायची पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून. आपल्या नांदेडचे नरहर कुरुंदकर १० फेब्रुवारी १९८२ ला गेले, म्हणजे त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेल्या लेखनावरचा हक्क ३१ डिसेंबर २०४२ पर्यंत चालतो. बाबासाहेब १९५६ मध्ये गेले, त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन १ जानेवारी २०१७ पासून खुलं झालं.

आणि वाङ्मयचौर्य म्हणजे कॉपीराइटचा भंग असं लिहून आणू नका, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकनाथ महाराजांचं भारूड स्वतःच्या नावावर खपवलं तर ते चौर्य झालं, पण कॉपीराइट तिथे उरलेलाच नाही. हयात लेखकाची चाळीस पानं त्याचं नाव देऊन परवानगीशिवाय छापली तर चौर्य नाही, पण भंग होऊ शकतो. यूजीसीचे २०१८ चे नियम चौर्याबद्दल आहेत. त्यांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, म्हणून तेवढं उचलायला कायद्याने मोकळीक दिली असं होत नाही.

आता आमच्या झेरॉक्सबद्दल, कारण याच विषयाचा अभ्यास करणारी मुलं इथेच येऊन अख्खं पुस्तक झेरॉक्सला देतात. आम्ही नाही म्हटलं की दिल्ली विद्यापीठाचा निकाल दाखवतात. तो निकाल आम्ही वाचला आहे, आमच्याच धंद्यावरचा आहे. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ मध्ये विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्सवाल्यावर आणि विद्यापीठावर दावा केला. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो फेटाळला. डिसेंबर २०१६ मध्ये खंडपीठानेही शिकवण्याच्या ओघात केलेल्या प्रतींची सूट मान्य केली, पण दिलेला मजकूर शिकवण्यासाठी गरजेचा होता का, हे पुराव्यावर तपासायला प्रकरण परत पाठवलं. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. तिथे मुख्य वाद होता अभ्यासक्रमासाठी निवडलेल्या उताऱ्यांचा. बाजारात मिळणारं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत काढून द्या, अशी मोकळीक खंडपीठाने दिलेली नाही. म्हणून आम्ही प्रकरण काढून देतो, पुस्तक काढून देत नाही. गिऱ्हाईक परत जातं, माहीत आहे. तरीही.

काही पालक म्हणतात, पैसे देतो, तुम्हीच लिहून द्या. ते काम आम्ही घेत नाही आणि घेणारही नाही. तोंडी परीक्षेत मुलगा गप्प बसला की नाव त्याचं जातं. आमच्याकडे मिळतं ते असं : एक ओळ ठरवायला पैसे नाहीत. त्या ओळीवर गाइडची सही असेल तर टायपिंग लगेच सुरू, युनिकोडमध्ये, तळटीपांसह. दोन प्रूफ दरात धरलेली आहेत. सहीनंतर विषय बदलला तर मात्र पानागणिक पूर्ण दर पुन्हा लागतो. लोक याला अडवणूक म्हणतात, पण मार्चमध्ये आमच्याकडे दोनच टायपिस्ट असतात आणि एकाचं काम दोनदा झालं की दुसऱ्याचं सबमिशन चुकतं. सही नसेल तर आम्ही स्पायरलच करतो. हार्ड बाइंडिंग आणि सोनेरी नाव अंतिम मंजुरीनंतरच.

रविवारी दुपारी दोन ते पाच टायपिंग बंद असतं, दुकान शांत असतं. ओळ ठरवायची असेल तर त्या वेळी या. येताना पेनड्राइव्ह नसला तरी चालेल, पण गाइडच्या लाल पेनाचा कागद जरूर आणा. आणि हा विषय घ्यावासा का वाटला, ते घरून आठवून या.