एकच गोळी: स्तनात एक काम, पिशवीत दुसरंच

गाय व्याली की तिची अंडाशयं काढून टाकायची, म्हणजे ती आटत नाही, पुढे पुष्कळ काळ दूध देत राहते. एकोणिसाव्या शतकात काही देशांतले शेतकरी असं करत. स्कॉटलंडमधला जॉर्ज बीटसन हा डॉक्टर तेव्हा दूध कसं तयार होतं यावर प्रबंध लिहीत होता, आणि ही माहिती त्याच्या मनात घर करून राहिली. कास कुठे, अंडाशय कुठे! तरी एकाचा दुसऱ्यावर ताबा चालतो, तर बाईच्या स्तनातल्या कॅन्सरवरही तो चालत असेल का? जून १८९५मध्ये त्याने ग्लासगोत ३३ वर्षांच्या एका रुग्णाची अंडाशयं काढली. तिचा कॅन्सर ऑपरेशननंतर पुन्हा उद्भवला होता आणि दुसरा इलाज उरला नव्हता. तिच्या गाठी विरत गेल्या, ती आणखी सुमारे चार वर्षं जगली. १८९६ साली बीटसनने हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केलं. स्तनाच्या कॅन्सरवरच्या हार्मोन उपचारांचा उगम असा गोठ्यात आहे, आणि इथे जिची गोष्ट सांगायची आहे ती टॅमॉक्सिफेनची गोळी त्याच उपचारांतली. आमच्या सांगली-साताऱ्याच्या दूधपट्ट्यात ही गोष्ट घरोघरी माहीत असायला हवी असं मला मनापासून वाटतं.

अंडाशयातून नेमकं काय पाझरतं, हे कळायला मात्र वेळ लागला. इस्ट्रोजेन हे त्यातलं हार्मोन १९२९ साली हाती आलं. १९५०च्या दशकाच्या अखेरीस शिकागोत एलवुड जेन्सन यांनी किरणोत्सारी खूण केलेलं इस्ट्रोजेन उंदरांच्या माद्यांना टोचलं, तेव्हा ते रक्तातून सगळीकडे फिरलं, पण टिकून राहिलं ते गर्भाशयासारख्या ठरावीक अवयवांतच. तिथल्या पेशींत त्याला धरून ठेवणारं एक प्रथिन होतं. तोच इस्ट्रोजेनचा रिसेप्टर. आज स्तनाच्या गाठीचा तुकडा तपासायला गेला की रिपोर्टवर 'ईआर पॉझिटिव्ह' की 'निगेटिव्ह' असं येतं. तो शेरा याच रिसेप्टरबद्दल असतो, आणि पुढची औषधं बऱ्याच अंशी त्यावर ठरतात.

टॅमॉक्सिफेन हे त्या औषधांतलं सगळ्यात जुनं आणि अजून सगळ्यात स्वस्तांपैकी एक. १९६२च्या सुमारास इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीत डोरा रिचर्डसन यांनी ते तयार केलं ते संततिनियमनासाठी. रॅट जातीच्या उंदरांत त्याने गर्भ राहणं थांबवलं. बायकांत उलटंच झालं, अंडं सुटायला मदत झाली. गोळी त्या कामाची उरली नाही. पुढे मँचेस्टरच्या ख्रिस्ती हॉस्पिटलमध्ये ती स्तनाच्या कॅन्सरवर वापरून पाहिली गेली, त्याचे निष्कर्ष १९७१ साली आले, आणि १९७३ साली ब्रिटनमध्ये तिला परवानगी मिळाली.

चक्रावून टाकणारी गोष्ट पुढे आहे. हेच औषध माऊस जातीच्या लहान उंदरांत इस्ट्रोजेनसारखं वागतं, रॅटमध्ये बऱ्याच प्रमाणात इस्ट्रोजेनच्या विरुद्ध. कुत्र्यांच्या माद्यांतही ते इस्ट्रोजेनसारखंच वागतं: योनीला सूज येते, स्राव सुरू होतो, काहींच्या गर्भाशयात पू होतो. म्हणून कुत्रीच्या स्तनाच्या गाठींवर ते सहसा वापरत नाहीत. आणि बाईत तर एकाच शरीरात दोन्ही वागणुकी दिसतात. स्तनात ते इस्ट्रोजेनला रोखतं, गर्भाशयात आणि हाडांत इस्ट्रोजेनचं काम थोडंफार स्वतःच करतं.

असं का होतं? टॅमॉक्सिफेन रिसेप्टरमध्ये जाऊन बसलं की त्या प्रथिनाची घडी बदलते. रिसेप्टर एकटा काही करत नाही, पेशीतली इतर मदतनीस प्रथिनं येऊन त्याला चिकटली तरच जनुकं चालू किंवा बंद होतात. स्तनाच्या पेशीत त्या बदललेल्या घडीला चिकटतात ती जनुकं बंद करणारी प्रथिनं. गर्भाशयाच्या अस्तरात चालू करणाऱ्या प्रथिनांची रेलचेल असते, तिथे तीच घडी वाढीचा निरोप देते. म्हणजे परिणाम औषधाइतकाच पेशी कुठली आहे यावर ठरतो.

हा दुहेरी गुण घाबरून जाण्यासारखा आहे का? आकडे बघा. पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेऊन झालेल्या बायकांनी आणखी पाच वर्षं घ्यावं का, हे तपासणारा 'ॲटलस' नावाचा मोठा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. पाचव्या ते चौदाव्या वर्षांत स्तनाच्या कॅन्सरने दगावण्याचं प्रमाण पाचच वर्षं घेणाऱ्यांत शंभरात १५ होतं, दहा वर्षं घेणाऱ्यांत १२. याच काळात गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर होण्याचं प्रमाण शंभरात १.६ वरून ३.१ वर गेलं, पण त्याने मृत्यू शंभरात ०.२ वरून ०.४ एवढाच वाढला. तो बहुधा लवकर लक्षात येतो, कारण रक्तस्राव होतो. हा वाढीव धोका मुख्यतः पाळी गेलेल्या बायकांना असतो. तेव्हा गोळी आपल्या मनाने बंद करू नका. पाळी गेल्यावर थेंबभर जरी रक्त दिसलं तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांना सांगा.

इथे मला मनातलं बोलायचं आहे. आपल्याकडे जनावर सांभाळणारी बाई म्हशीचा सोट, म्हणजे योनीतून येणारा चिकट स्राव, बघून सांगते: काचेसारखा स्वच्छ असेल तर माज, पांढरट-पुवाळ असेल तर पिशवीत बिघाड, डॉक्टरला बोलवा. धार काढताना कासेत कडकपणा लागला की दगडीची, म्हणजे कासेच्या सुजेची, शंका तिला बोटांनीच येते. हीच बाई स्वतःच्या अंगावरून जाणारं रक्त किंवा छातीतली न दुखणारी गाठ महिनोन्‌महिने सांगत नाही. ज्ञान तिच्याकडे आहे, ते स्वतःच्या शरीराकडे वळवायला घरातल्यांनी तिला वेळ आणि मोकळीक द्यायला हवी. मुंबईत १९९८पासून दीड लाखाहून अधिक बायकांवर झालेल्या अभ्यासात प्रशिक्षित सेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने स्तन तपासले. पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. महागडं यंत्र नव्हतं, शिकलेले हात होते.

याची दुसरी बाजूही आहे. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बाईची सोनोग्राफी केली तर अस्तर जाड दिसू शकतं, कारण औषधामुळे अस्तराखाली बारीक पोकळ्या तयार होतात. तक्रार नसताना वरचेवर सोनोग्राफी करण्याची शिफारस म्हणूनच केली जात नाही. नुसती जाडी बघून 'पिशवी काढून टाकू' असं कोणी म्हणालं, तर अस्तराचा तुकडा तपासून घ्यायचा आग्रह धरा. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या किती सहज काढल्या गेल्या हे २०१९ साली महाराष्ट्राने पाहिलं आहे. त्याच भागातल्या टोळ्या दर हंगामात आपल्या कारखान्यांवरही येतात.

कुत्री पाळणाऱ्यांसाठीही यात बरंच आहे. माज संपल्यावर कुत्रीच्या शरीरात प्रोजेस्टेरॉन हे अंडाशयाचं दुसरं हार्मोन दोन महिन्यांच्या आसपास चढं राहतं, ती गाभण असो वा नसो. गर्भाशयाचं अस्तर फुगतं, आकुंचन मंदावतं, आणि माजात आत शिरलेले ई. कोलाय जिवाणू तिथे वाढतात. हा पायोमेट्रा, म्हणजे गर्भाशयात पू साठणं. माजानंतर चार ते आठ आठवड्यांत कुत्री खूप पाणी पिऊ लागली, खाणं सोडलं, उलट्या झाल्या, तर थांबू नका. गर्भाशयाचं तोंड मिटलेलं असेल तर पू बाहेर दिसतच नाही. अशा वेळी बहुतेकदा अंडाशयासकट गर्भाशय काढणं हाच खात्रीचा उपाय असतो. गायी-म्हशींत गोष्ट वेगळी: तिथे प्रोस्टाग्लँडिनच्या इंजेक्शनने अंडाशयावरचा, प्रोजेस्टेरॉन तयार करणारा पीतपिंड विरतो, गर्भाशयाचं तोंड उघडतं आणि पू निघून जातो. माज येऊ नये म्हणून कुत्रीला प्रोजेस्टेरॉनसारखी इंजेक्शनं देण्याची पद्धत मात्र बंद व्हायला हवी. त्यांनी पायोमेट्रा आणि स्तनाच्या गाठी, दोन्हींचा धोका वाढतो. नसबंदीबद्दल शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा जवळच्या पशुवैद्याकडे विचारा.

हेच प्रोजेस्टेरॉन बाईत वेगळा रंग दाखवतं. टाटा मेमोरियलच्या राजेंद्र बडवे यांच्या गटाने स्तनाच्या ऑपरेशनआधी काही दिवस त्याचं एकच इंजेक्शन देऊन पाहिलं. २०११ साली निष्कर्ष आले: सगळ्या रुग्णांत मिळून ठोस फरक नव्हता, पण काखेतल्या गाठींपर्यंत कॅन्सर पोहोचलेल्यांत फायदा दिसला.

सध्या संशोधकांचं लक्ष टॅमॉक्सिफेनच्या मात्रेवर आहे. नेहमीची गोळी रोज २० मिलिग्रॅमची. इटलीत ५०० बायकांवर झालेल्या अभ्यासात रोज ५ मिलिग्रॅम, तीन वर्षं, एवढ्यानेही नवा किंवा पुन्हा होणारा स्तनाचा आजार निम्म्याने घटला, आणि गर्भाशयावर फारसा भार दिसला नाही. पण त्या बायकांत कॅन्सर दूधनलिकेच्या आतच थांबलेला होता किंवा पेशींत केवळ आधीचे बदल होते. मिरज-कराडच्या ओपीडीत पसरू शकणाऱ्या कॅन्सरसाठी डॉक्टरांनी २० मिलिग्रॅम लिहून दिलं असेल, तर ही बातमी वाचून गोळीचे तुकडे करू नका.